बाबांच्या पायाची न भरणारी जखम: वॉकर बूट आणि टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, दोन्ही वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

बाबांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागे जो उंचवटा असतो ना, बरोबर तिथे जखम झाली होती आणि पाच महिने ती भरत नव्हती. मग सहा आठवडे गुडघ्यापर्यंतचा, काढता-घालता येणारा वॉकर बूट वापरला आणि त्यानंतर नऊ आठवडे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट, म्हणजे पायाला अगदी चिकटून बसणारं, घरी न काढता येणारं प्लास्टर. जखम भरली ती कास्टमध्ये. दोन्हींचा रिव्ह्यू एकत्रच लिहितेय कारण वेगवेगळा लिहिला तर खरा मुद्दा हातातून निसटेल. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, असे बूट बऱ्याच कंपन्या बनवतात आणि कास्ट तर बांधणाऱ्याच्या हातावर असतं.

घाई असेल त्यांच्यासाठी: बूट ३ स्टार, कास्ट ५ स्टार. पण कास्ट सगळ्यांना चालत नाही, कोणाला नाही चालत ते खाली लिहिलंय, बाकी काही नाही तरी तेवढं वाचाच.

बाबांना शुगर होऊन १९ वर्षं झाली. मधली काही वर्षं तळपायाला मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची, मग ते सगळं हळूहळू थांबलं आणि आम्हाला वाटलं चला बरं झालं, त्रास गेला. त्रास नव्हता गेला, पायाची जाणीव गेली होती. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. तळव्याला घट्टा होता, जाड, पिवळट, बाबा म्हणायचे चालून चालून झालाय. एक दिवस फरशीवर ओलसर डाग दिसले, एक-एक पावलाच्या अंतरावर, मी पुसत पुसत गेले तर ते बाबांच्या खुर्चीपर्यंत गेले. मोजा काढला तर घट्ट्याच्या मधोमध भोक आणि त्यातून लस येतेय. बाबा पेपर वाचत होते. त्यांना काहीच दुखत नव्हतं.

पुढचे पाच महिने जे झालं ते लिहिताना अजून वाईट वाटतं. ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे ड्रेसिंग व्हायचं, दर वेळी वेगळं मलम, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स, शुगर कंट्रोल करा असं सांगणं, आणि मग बाबा त्याच चपलेत, त्याच पायावर, त्याच जखमेवर वजन टाकून जिना उतरून घरी. पाच महिन्यांत एकदाही कोणी चप्पल उलटी करून बघितली नाही. आम्हीसुद्धा नाही बघितली. मी रात्री बसून कुठल्या मलमात काय आहे ते वाचत बसायचे, चांदीचं, मधाचं, जेलचं, आणि बाबा त्याच वेळी पाणी प्यायला, दिव्याचं बटण बंद करायला, दार नीट लागलंय का बघायला घरभर अनवाणी फिरत असायचे.

नंतर फूट क्लिनिकमध्ये गेलो. पहिली भेट तासाभराची होती आणि त्यात मलमाचा विषयच निघाला नाही. आधी डोळे मिटायला लावून नायलॉनच्या बारीक दोरीसारख्या मोनोफिलामेंटने तळव्याला ठिकठिकाणी टोचलं, ती दोरी वाकेपर्यंत दाबली की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो, आणि तो कळला तर "हो" म्हणायचं. बाबा गप्प बसले होते. सिस्टर म्हणाल्या, "काका, लागलं की सांगा हं." बाबा म्हणाले, "सुरू करा की." तोपर्यंत चार जागा टोचून झाल्या होत्या. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

मग पायाची नाडी बघितली, अंगठ्याला छोटा पट्टा लावून तिथलं प्रेशर मोजलं. घोट्याचं प्रेशर का नाही चालत असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले शुगरवाल्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, मग आकडा खोटाच चांगला येतो, अंगठ्याच्या बारीक वाहिन्यांत हे कमी होतं म्हणून तिथला आकडा जास्त भरवशाचा. मग बोथट टोकाची स्टीलची सळई जखमेत हलकेच घालून तळाला हाड लागतंय का बघितलं, कारण हाड लागलं तर हाडात इन्फेक्शनची शंका धरायची. नाही लागलं. एक्स-रे पण ठीक होता. मग डॉक्टरांनी ब्लेडने जखमेभोवतीचा घट्टा सगळा सोलून काढला, आणि तो काढल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसायला लागली, २.२ बाय १.८ सेंटीमीटर. मी घाबरले. ते म्हणाले ही एवढीच होती, झाकलेली होती, आणि हा घट्टा म्हणजे बुटात अडकलेल्या खड्यासारखा, प्रत्येक पावलाला आतलं मांस चेपतो.

आणि मग बाबांना सरळ विचारलं, "काका, तुम्ही दिवसाला साधारण किती पावलं चालता?" बाबा म्हणाले, "हल्ली कुठे, घरातल्या घरात." ते म्हणाले, "घरातल्या घरात म्हणजे हजार-दीड हजार धरू. त्यातली निम्मी उजव्या पायावर. म्हणजे तुम्ही या जखमेवर रोज पाचशे-सातशे वेळा उभे राहताय. हाताला अशी जखम झाली असती तर तिला एवढ्या वेळा दाबली असती का?" बाबा काही बोलले नाहीत. दुखत असतं तर माणूस आपोआप लंगडतो, पाय उचलून धरतो, ते लंगडणंच औषध असतं, आणि जाणीव गेली की ते औषधच बंद होतं. म्हणून बाहेरून काहीतरी लावून ते वजन उतरवायचं. याला ते ऑफलोडिंग म्हणतात.

वॉकर बूट

डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले होते, कास्ट किंवा बूट, आणि कास्टच सुचवलं होतं. बाबा नाही म्हणाले, मला बांधून घालायचं नाही. आम्हीही जोर केला नाही. बूट घेतला.

बूट चांगला आहे हे आधी सांगते. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येतो, दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या, आत जाड फोमचं अस्तर, वेलक्रोचे पट्टे, तळ होडीसारखा गोलसर म्हणजे पाऊल घोट्यातून न वाकता नुसतं पुढे कलंडतं आणि चवड्यावर जोर येत नाही. घोट्यापर्यंतचे छोटे बूट आणि पुढचा भाग उचललेल्या सँडल पण मिळतात, पण गुडघ्यापर्यंतचाच घ्या, कारण थोडं वजन पोटरी आणि नडगीच्या बाजूने वाटलं जातं ते छोट्यात होत नाही. आंघोळीला काढता येतो, ड्रेसिंग रोज बघता येतं, सुरुवातीला मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटला होता.

तक्रारी. एक, जड आहे आणि गरम होतं. दोन, तळ जाड असल्यामुळे उजवा पाय उंच होतो, कंबर वाकडी होते, पंधरा दिवसांत बाबांची पाठ दुखायला लागली. दुसऱ्या पायातल्या बुटाला खालून तेवढ्याच उंचीचा थर लावून घ्यायचा असतो, हे आम्हाला दुसऱ्या भेटीत कळलं, पहिल्याच दिवशी लावून घ्या. तीन, वेलक्रो महिन्याभरात धागे-केस अडकून ढिला पडतो, जुन्या टूथब्रशने साफ करत राहावा लागतो. चार, वेलक्रो उघडताना एवढा मोठा चर्र आवाज होतो की रात्री सगळं घर जागं होतं.

आणि हा चौथा मुद्दा छोटा वाटेल पण सगळं त्यातच आहे. कारण आवाज होतो म्हणून बाबा रात्री बूट घालायचेच नाहीत. बाथरूमला जायचं, चार पावलं, कशाला घालायचा. सकाळी उठल्यावर पण चहा होईपर्यंत नको. दुपारी आडवं झाल्यावर काढायचा तो उठल्यावर घालायचा राहायचा. बाहेर जाताना मात्र अगदी शिस्तीत, सगळे पट्टे लावून. मला वाटायचं बाबा नीट वापरतायत कारण मी त्यांना बाहेर जाताना-येताना बघत होते.

पाचव्या आठवड्यात जखम २ बाय १.७ होती. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एका रविवारी मी दिवसभर घरी होते, काही न बोलता वहीत रेघा मारत बसले, बूट घालून उठले की एक रेघ, बिनबुटाचे उठले की दुसऱ्या बाजूला. रात्री मोजलं तर बूट घालून ७ वेळा, बिनबुटाचे १९ वेळा. वही बाबांना दाखवली तेव्हा ते खरंच चकित झाले. खोटं बोलत नव्हते ते, त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं की मी बूट सतत घालतो. जे पाऊल दुखत नाही ते माणसाच्या लक्षातच राहत नाही.

मी ती वही क्लिनिकमध्ये नेली, जरा लाजतच. डॉक्टर म्हणाले हे फक्त तुमच्याकडे नाही. २००३ साली अमेरिकेतले पायाचे डॉक्टर डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या टीमने काय केलं, तर पेशंटच्या कमरेला एक पावलं मोजायचं यंत्र लावलं आणि एक त्याच्या काढता येणाऱ्या बुटात बसवलं, आणि दोन्ही ताडून बघितली. दिवसभराच्या एकूण हालचालीपैकी बूट पायात होता तो भाग निघाला २८ टक्के. बाबांचे माझ्या वहीतले २६ पैकी ७ म्हणजे २७ टक्के. मी घरी येऊन दोनदा हिशोब केला.

म्हणून बुटाला ३ स्टार. वस्तू म्हणून तो ४ चा आहे, पण ज्या माणसाला पायाचं काही कळतच नाही त्याच्या आठवणीवर सगळं सोडलंय, आणि ती काही त्या माणसाची चूक नाही.

कास्ट

बाबा या वेळी स्वतःच म्हणाले, "घालून टाका. मला काढता येणार नाही असंच घाला."

याला साधं फ्रॅक्चरचं प्लास्टर समजू नका आणि कुठल्याही प्लास्टर घालणाऱ्याकडून घालून घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. फ्रॅक्चरच्या प्लास्टरमध्ये कापसाची जाड गादी असते आणि पाय आत थोडा हलतो. इथे गादी अगदी कमी, साचा पायाच्या प्रत्येक वळणाला चिकटलेला, म्हणूनच नाव टोटल कॉन्टॅक्ट. जखमेवर पातळ ड्रेसिंग, बोटांच्या मध्ये आणि वर मऊ फोम, नडगीवर आणि घोट्याच्या दोन्ही हाडांवर पॅड, मग पातळ थर हाताने चोळून चोळून बसवतात, वर फायबरग्लासची पट्टी, खाली चालायला तळ. बाबांना पालथं झोपवून गुडघा वाकवून घोटा काटकोनात धरला होता, जवळजवळ पाऊण तास लागला. बांधणाऱ्या ताई बोटांच्या टोकांनी न दाबता तळहाताने चोळत होत्या, मी विचारलं तर म्हणाल्या बोटाचा ठसा उठला तर आत तेवढाच उंचवटा राहतो आणि काकांना तो टोचलेला कळणार नाही, तिथे नवीन जखम होईल. हे ऐकून मला त्यांच्यावर भरवसा बसला.

काम कसं करतं तर दाब एका जागेवरून उचलून पूर्ण तळव्यावर पसरतो, बराचसा भार कास्टच्या भिंतीतून पोटरीवर जातो, घोटा वाकत नाही म्हणून चवड्याने ढकलून चालता येत नाही, आणि पावलंही आपोआप लहान आणि हळू पडतात. आणि पाचवं काम, जे मी सगळ्यात मोठं मानते, रात्री अडीचला बाथरूमला जाताना पण ते पायात असतं.

ही कल्पना मधुमेहासाठी निघालेली नाही हे मला माहीत नव्हतं. कुष्ठरोगातही पायाची जाणीव जाते आणि तळव्याला अशाच जखमा होतात, त्या पेशंटसाठी प्लास्टर वापरायचे. डॉ. पॉल ब्रँड, वेल्लोरला ज्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर आयुष्यातली कितीतरी वर्षं काम केलं, ते १९६६ साली अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलला गेले आणि तिथून ही पद्धत शुगरच्या पेशंटपर्यंत पोचली. न दुखणं हाच खरा आजार आहे, हे आधी कुष्ठरोगाच्या वॉर्डात कळलं होतं.

आकडे हवे असतील तर २००१ ची चाचणी आहे, त्याच आर्मस्ट्राँग यांच्या टीमची, ६३ पेशंट, तीन गट. १२ आठवड्यांत जखम पूर्ण भरली ती कास्टमध्ये ८९.५ टक्के लोकांची, काढत्या वॉकर बुटात ६५ टक्के, आणि अर्ध्या बुटात, म्हणजे ज्याला पुढच्या भागाखाली तळच नसतो, ५८.३ टक्के. आणखी एक, २००५ ची: तोच वॉकर बूट, पण एका गटात त्याच्यावर बाहेरून पट्टी गुंडाळून तो न काढता येणारा केला. १२ आठवड्यांत ८२.८ टक्के विरुद्ध ५१.९ टक्के. बूट तोच, फक्त काढायची सोय बंद केली. तुमच्या जवळपास कास्ट बांधणारं कोणी नसेल तर डॉक्टरांना हा पर्याय नक्की विचारा, तुमच्याकडचाच बूट असा लॉक करता येतो, पण तेच करणार, तुम्ही घरी नाही. मधुमेही पायासाठीचा जो आंतरराष्ट्रीय गट आहे त्यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही तळव्याच्या पुढच्या आणि मधल्या भागातल्या अशा जखमेला पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या न काढता येणाऱ्या साधनालाच आहे, मग ते कास्ट असो की लॉक केलेला बूट. एवढं सगळं असून पाच महिने आम्हाला याचं नावही ऐकायला मिळालं नाही, याचा मला राग आहे.

आता राहायला कसं आहे ते. पहिली रात्र कठीण. बाबा म्हणाले पाय दुसऱ्या कोणाचातरी असल्यासारखा वाटतो. पहिलं कास्ट तिसऱ्या दिवशी बदललं कारण सूज उतरते आणि कास्ट ढिलं होतं, ढिलं कास्ट म्हणजे आत पाय घासतो. मग दर आठवड्याला बदल. कापायची करवत आवाज भयंकर करते पण तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, नीट वापरलं तर सहसा कातडी कापत नाही, पेशंटला आधीच सांगून ठेवा म्हणजे ते दचकून पाय ओढणार नाहीत. आंघोळ म्हणजे खुर्चीवर बसून, पाय बाहेर स्टुलावर, वर जाड प्लास्टिकची पिशवी मांडीजवळ बांधून, आणि तरी कोणीतरी बाथरूमच्या दाराशी थांबायचं. गाडी चालवायची नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कास्टचा आधी, आणि कठडा सोडायचा नाही. वॉकर किंवा काठी घ्याच, पडायची भीती खरी आहे. अंथरुणात दुसऱ्या पायाला कास्ट घासतं, बाबांच्या डाव्या घोट्याला लाल झालं होतं, मग रात्री कास्टवर मऊ उशीचा अभ्रा चढवायला लागलो.

आणि "चालता येतं" याचा अर्थ चालत सुटायचं असा नाही. आम्ही वहीतल्या रेघा सुरूच ठेवल्या, आता बाबा स्वतः मारायचे, दिवसाला किती वेळा उठलो ते.

रोज संध्याकाळी मी काय बघायचे: कास्टला कुठे तडा, कुठे ओला डाग वर आलाय का, नवीन वास येतोय का, बोटांचा रंग, कडेला मांडीकडे लाली, जांघेत गाठ, ताप, आणि शुगर अचानक वाढलीय का. शेवटचं विसरू नका, कारण जाणीव नसलेल्या पायात आत इन्फेक्शन झालं तर दुखत नाही, कधी कधी आधी शुगरच बोलते. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कास्ट काढायला लावायचं. आमचं एकदा असं झालं, पाचव्या आठवड्यात टाचेपाशी ओला डाग दिसला, त्याच दिवशी गेलो, उघडलं तर आंघोळीचं पाणी शिरलं होतं. जखम ठीक होती. पण उघडून बघितलं म्हणून झोप लागली.

पहिल्या चार आठवड्यांत जखम १.३ बाय १.१ वर आली. डॉक्टरांनी चार आठवड्यांचा हिशोब आधीच सांगून ठेवला होता, तेवढ्यात जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर यायला पाहिजे, नाही आलं तर उपचारात काय चुकतंय ते शोधायचं, तेच परत परत करत बसायचं नाही. मी मनात पाच महिन्यांचा हिशोब करत होते, तिथे किती चार आठवडे होऊन गेले. नवव्या आठवड्यात कास्ट कापलं तेव्हा जखमेच्या जागी गुलाबी, चकचकीत, बाळाच्या कातडीसारखी कातडी होती. पोटरी मात्र निम्मी झालेली आणि घोटा आखडलेला, तो मोकळा व्हायला महिना गेला, ही कास्टची किंमत आहे.

कोणाला कास्ट नाही

पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर आधी तो बघायचा. अंगठ्याचं प्रेशर ३० च्या खाली (बीपीच्याच मापात, mmHg) असेल तर व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने, तिथे ऑफलोडिंगची वाट बघत बसायची वेळ नसते. आमच्या ओळखीच्या एका काकूंची जखम बोटाच्या टोकाला होती, काळपट, आणि त्यांना आधी अँजिओप्लास्टी करून रक्त पोचवावं लागलं, त्याशिवाय बूट, कास्ट, मलम काहीच चाललं नसतं. जोरात इन्फेक्शन, पू, हाडापर्यंत गेलेलं, तर आधी ते साफ करणं आणि अँटिबायोटिक. थोडं इन्फेक्शन आणि थोडी रक्ताची कमतरता दोन्ही असेल तर काढता येणारंच बरं कारण रोज उघडून बघावं लागतं. ज्यांचा तोल जातो, नजर अगदी कमी आहे, घरी बघायला कोणी नाही, त्यांच्यासाठीही विचार करून. म्हणजे बुटाची जागा आहेच, मी त्याला वाईट म्हणत नाहीये.

मला बरेच जण विचारतात बाकीच्या गोष्टींचं काय. मध आणि चांदीची ड्रेसिंग जखम लवकर भरावी म्हणून लावायची शिफारस त्या आंतरराष्ट्रीय सूचनांत नाही. जखमेतलं पाणी ओढून घेणारं व्हॅक्यूमचं मशीन ऑपरेशननंतरच्या मोठ्या जखमेला उपयोगी. सुक्रोज ऑक्टासल्फेटचं ड्रेसिंग मात्र बघण्यासारखं आहे, इन्फेक्शन नसलेल्या पण रक्तपुरवठा थोडा कमी असलेल्या जखमांवर २०१८ च्या चाचणीत २० आठवड्यांत ४८ टक्के भरल्या, साध्या ड्रेसिंगने ३० टक्के, पण तेही वजन उतरवून, जखम साफ करून, वर जास्तीचं म्हणून. कुरूप काढायच्या पट्ट्या, ज्यात ॲसिड असतं, त्या शुगरवाल्या पायाला कधीही लावू नका. गरम पाण्यात पाय बुडवून बसणंही नको, पाणी किती गरम आहे तेच कळत नाही.

नंतरचं

कास्ट काढलं त्या दिवशी बाबा म्हणाले, "संपलं एकदाचं." डॉक्टर म्हणाले, "काका, भरली, संपली नाही." भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात परत होतात आणि पाच वर्षांत ६५ टक्क्यांच्या आसपास, कारण जाणीव काही परत येत नाही आणि तळव्याचा आकारही तोच राहतो. म्हणून पायाच्या मापाचे खास बूट करून घेतले, आत साच्यावरून बनवलेलं इनसोल, घरात पण तेच, अनवाणी एक पाऊल नाही. बाबांच्या पलंगाशेजारी ते अशा जागी ठेवलेत की पाय खाली सोडले की थेट त्यातच जातात. रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, कारण आत पडलेला खडा, दुमडलेलं अस्तर, खिळ्याचं टोक हाताला कळतं, पायाला नाही.

आणि एक साधं, कातडीचं तापमान मोजायचं थर्मामीटर. दोन्ही तळव्यांच्या त्याच त्याच सहा जागा रोज सकाळी मोजायच्या आणि डाव्या-उजव्यात फरक बघायचा. २.२ डिग्री सेल्सियसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस आला तर त्या जागी आत सूज सुरू झालीय, कातडी फुटायच्या आधीच, मग चालणं कमी करायचं आणि क्लिनिकला फोन. हेही बाबाच मोजतात, त्याच वहीत, रेघांच्या पुढच्या पानापासून. बाबांना जे आतून कळत नाही ते आता वहीत वाचता येतं आणि मला वाटतं या सगळ्यात त्यांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच आहे.

कास्ट निघून अकरा आठवडे झाल्यावर फरक आला, २.५, दुसऱ्या दिवशी २.६. पण उजव्या पायात नाही, डाव्या. इतके महिने सगळा भार त्यानेच घेतला होता. वरून काहीच दिसत नव्हतं, लालीसुद्धा नाही. बाबांनी मला ऑफिसात फोन केला, स्वतःहून, "डावा गरम आहे, मी बसून आहे, उठलो नाही सकाळपासून." त्याच दुपारी गेलो. डाव्या अंगठ्यामागे नवा घट्टा धरला होता, ताईंनी तो ब्लेडने पातळ पातळ सोलला, इनसोल त्या जागी खोल करून दिलं. चौथ्या दिवशी फरक ०.९ वर आला. घट्ट्याखाली कातडी अख्खी होती.